रिकाम्या आसनावरील सारथी

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या घरी लहानथोर मिळून चौदा माणसे जमली होती. फराळाचे डबे तळाला गेले, पत्त्यांचे डाव मोडले, आणि भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या धाकट्या चिरंजीवांनी आपल्या शाळकरी वयात आवडलेली एक जुनी अमेरिकन मालिका दिवाणखान्यातील दूरचित्रवाणीवर मुलांस दाखविण्यासाठी लावली. प्रस्तुत लेखक झोपाळ्यावर चष्मा पुशीत बसला होता. असल्या धावपळीच्या व मारामारीच्या कथांविषयी मास्तरी पेशातील माणसास जितकी अरुची असावी तितकी मलाही आहे. तथापि घरातील सारी मुले ज्या वस्तूकडे श्वास रोखून पाहत आहेत तिच्याकडे पाठ फिरविणे मला कधीच साधलेले नाही.

पडद्यावर एक काळीभोर मोटार भरधाव येत होती. तिच्या तोंडाशी एक तांबडा प्रकाश डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे सारखा फिरत होता. ती वळणावर वळली, थांबली, पुन्हा निघाली. आणि आत पाहावे तो चालकाचे आसन रिकामे! माझ्या दहा वर्षांच्या नातवाने विचारले, "आजोबा, हिच्यात कोणीच बसलेलं नाही. मग ही चालते कशी?"

"अरे, तिला संगणकाची बुद्धी आहे," त्याच्या काकाने परस्पर उत्तर दिले.

"ते गोष्टीत झालं, काका. खरी कशी चालत होती?"

प्रश्न इतका नेमका होता की वर्गात कोणी विचारता तर मी त्या मुलास पहिल्या बाकावर आणून बसविले असते. गोष्टीतले कारण निराळे आणि गोष्टीमागचे कारण निराळे, हा भेद मोठमोठ्यांच्या ध्यानात येत नाही. उत्तर मजजवळ नव्हते. पुढे काही दिवस त्याचा माग काढीत बसलो, आणि जे हाती लागले ते पाहून वाटले की ही केवळ मुलांची करमणूक नव्हे. आपल्या चारचौघांच्या घरांतही विचार करावा असे काही तीत आहे. म्हणून या महिन्याचे सदर तिला देत आहे.

मालिकेचे नाव 'नाइट रायडर'. येथे नाइट म्हणजे रात्र नव्हे. युरोपातील मध्ययुगात घोड्यावर बसून दुर्बलांच्या कैवाराने हिंडणारा जो शूर सरदार, तो हा नाइट. अमेरिकेतील एन. बी. सी. या वाहिनीवर २६ सप्टेंबर १९८२ रोजी हिचा आरंभ झाला व ४ एप्रिल १९८६ रोजी शेवटचा भाग दाखविला गेला. कल्पना ग्लेन लार्सन यांची, निर्मिती युनिव्हर्सलची. कथानक थोडक्यात असे: मायकेल लाँग नावाचा एक पोलीस अधिकारी चेहऱ्यावर गोळी लागून मरणोन्मुख होतो. विल्टन नाइट नावाचा एक धनवान वृद्ध त्यास वाचवितो, नवा चेहरा देतो, स्वतःचे आडनाव देतो, आणि दुष्टांचे पारिपत्य करण्यासाठी एक अद्भुत मोटार देतो. ही मोटार बोलते, विचार करते, वेळप्रसंगी धन्याची थट्टाही करते, आणि बंदुकीच्या गोळीने तिला ओरखडासुद्धा उमटत नाही. तिचे नाव 'किट'. नायकाची भूमिका डेव्हिड हॅसलहॉफ यांनी केली. देणारा वृद्ध पहिल्याच कथेत मरण पावतो. परंतु रिचर्ड बेसहार्ट या ज्या नटाने ती भूमिका केली, त्याचाच आवाज मालिकेच्या आरंभीच्या निवेदनात ठेवण्यात आला. म्हणजे पूर्वजाने परलोकातून नांदी म्हणावी, तसा हा प्रकार!

बुद्धिमान वाहनाची कल्पना आपल्याकडील जुन्या वाचकांस अगदीच परकी वाटू नये. मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनचे स्टंटपट ज्यांच्या वाडवडिलांनी पाहिले असतील त्यांनी घरी ऐकले असेल की, नादियाच्या चित्रपटांत 'रोल्सरॉइस की बेटी' या नावाची एक मोटार नटनट्यांच्या बरोबरीने मिरवीत असे. वीराला शस्त्र हवे तसे वाहनही हवे, आणि ते वाहन जिवंत असावे, ही हौस साऱ्या जगाची आहे.

किट ही मुळात कारखान्यातून निघालेली पाँटिॲक कंपनीची फायरबर्ड ट्रान्स ॲम मोटार. १९८२ साली तिचा नवा घाट बाजारात आला होता, तोच मायकेल शेफी नावाच्या कलावंताच्या हाती सोपविण्यात आला. त्यांनी तिचे नाक बदलले आणि आत चालकापुढील फळीवर इतकी बटणे व इतके दिवे बसविले की पाहणाऱ्यास विमानाचा भास व्हावा. मोटार बोलू लागली म्हणजे त्या फळीवर दिवा लुकलुकतो. आरंभीच्या भागांत तो साधा तांबडा चौकोन होता. पुढे त्याच्या जागी आवाजाबरोबर वरखाली होणाऱ्या तीन उभ्या पट्ट्या आल्या, आणि मुलांच्या स्मरणात राहिल्या त्या ह्याच. तोंडाशी फिरणारा तांबडा प्रकाश मात्र उसनवारीचा. लार्सन यांच्याच १९७८ सालच्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या मालिकेत सायलॉन नावाचे जे लोहपुरुष होते, त्यांच्या कपाळाखाली हाच प्रकाश याच रीतीने फिरत असे. तेथे तो दुष्टांचा डोळा होता, येथे सज्जनाचा झाला. घरातील एक दागिना दोन लग्नांत मिरवावा, तसे हे झाले.

आता नातवाच्या प्रश्नाकडे वळू. चित्रीकरणासाठी मोटार एक नव्हती, पुष्कळ होत्या. जवळून दाखवावयाची सजविलेली वेगळी, उड्या मारावयाची वेगळी, आणि चालकाविना धावताना दाखवावयाची वेगळी. या शेवटच्या मोटारीतील मेख अशी की, तिच्यात चालक होताच! चालकाच्या आसनाची पाठ आतून पोकळ करून तीत एक माणूस बसविलेला असे. आसनाच्या कापडाची खोळ त्याच्या अंगावर चढविलेली. डोके टेकण्याच्या गादीच्या जागी त्याचे डोके, आणि तेथूनच त्याने समोरचा रस्ता पाहावयाचा. हात जितके खाली ठेवता येतील तितके खाली ठेवून स्टिअरिंग सांभाळावयाचे. बाहेरून पाहणाऱ्यास आसन दिसे, आसनात दडलेला माणूस दिसत नसे. मोटार काळी, ऊन कॅलिफोर्नियाचे, अंगावर खोळ, दृष्टीपुढे हातभर फट, आणि मोटार अशी फेकावयाची की पाहणाऱ्याने म्हणावे, वाहवा, यंत्र काय छान चालते! या मालिकेतील साहसदृश्यांची धुरा जॅक गिल यांनी वाहिली, आणि आसनाच्या खोळीत शिरून मोटार हाकण्याची ही कामगिरीही त्यांचीच. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

उड्यांची गोष्ट याहून कठीण. कथेत धन्याने एक बटण दाबले की मोटार हरणासारखी भिंत ओलांडते. प्रत्यक्षात कॅमेऱ्यास दिसणार नाही अशी उतरण मांडून तीवरून ती वेगाने सोडावयाची. परंतु या मोटारीचे यंत्र पुढच्या अंगास असल्यामुळे ती हवेत गेली की नाक खाली करून येते, आणि पुढचा भाग फायबरग्लासचा असल्यामुळे जमिनीला टेकताच त्याच्या ठिकऱ्या होतात. सबब उडी मारणारी मोटार आणि उडीनंतर ऐटीत पुढे निघून जाणारी मोटार या दोन निरनिराळ्या. काही उड्या तर हातभर लांबीच्या हुबेहूब नमुन्याने मारलेल्या आहेत. नातवास हे सांगताच तो किंचित हिरमुसला. परंतु 'हातभर' हा शब्द ऐकताच असला नमुना घरी कसा करावा याच्या विचारास लागला, यावरून विद्येने विरस होतो हे म्हणणे खोटे ठरते.

एका चमत्काराविषयी मात्र मुलांपेक्षा मोठ्यांतच अधिक वाद झाला. मोटार धावत असता पुढे एक प्रचंड मालट्रक धावतो. त्याच्या पाठीमागची उतरण रस्त्यावर टेकते, आणि मोटार धावत्या ट्रकाच्या पोटात शिरून उभी राहते. आमचे थोरले जावई अभियंते आहेत. ते म्हणाले, "हे शक्य नाही. ताशी ऐंशी किलोमीटरने फिरणारी चाके ट्रकाच्या फळीवर टेकली की मोटार त्याच वेगाने पुढे जाऊन चालकाच्या खोलीवर आपटेल." ऐकणाऱ्यास पटावे असेच हे आहे. परंतु विचार करून पाहावे. ट्रक ताशी ऐंशी किलोमीटरने जात आहे, मोटार पंचाऐंशीने. म्हणजे ट्रकात बसलेल्या माणसास मोटार ताशी अवघ्या पाच किलोमीटरने, माणसाच्या चालीने, आत येताना दिसेल. राहता राहिली फिरणारी चाके. ती चाके साऱ्या मोटारीच्या मानाने फारच हलकी. फळीवर टेकताच ती क्षणभर घसरतील, त्यांचे फिरणे झपाट्याने मंदावेल. परंतु त्यांच्या फिरण्यातील जोर दीडेक टनाच्या मोटारीस एकदम ढकलून देण्यास पुरेसा नाही. चालकाने पाय वेळेवर उचलला म्हणजे झाले. धावत्या आगगाडीत आपण एका बाकावरून दुसऱ्या बाकाकडे जातो, तेव्हा आगगाडीच्या वेगाने भिंतीवर आदळत नाही, तेच हे तत्त्व. 'मिथबस्टर्स' या नावाच्या कार्यक्रमात लोकांच्या समजुती प्रत्यक्ष प्रयोगाने तपासून पाहत असत. त्यांनी २००७ साली खराच ट्रक व खरीच मोटार घेऊन हा प्रयोग केला, आणि मोटार सहज आत शिरली. जावईबापूंनी हार मोकळेपणे कबूल केली, एवढेच नव्हे तर मुलांस लाटणे व पाट घेऊन ती समजावूनही दिली.

आता आवाजाविषयी. किटचा आवाज हा या मालिकेचा खरा प्राण. किंचित शिष्ट, किंचित रागीट, प्रत्येक शब्द स्पष्ट. वाक्याच्या शेवटी न हसता केलेली कोपरखळी. हा आवाज विल्यम डॅनियल्स या नटाचा. १९२७ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मलेले हे गृहस्थ रंगभूमीवर मुरलेले. याच काळात ते 'सेंट एल्सव्हेअर' या रुग्णालयाविषयीच्या गंभीर मालिकेत एका करड्या शस्त्रवैद्याची प्रमुख भूमिका करीत होते, आणि त्या भूमिकेसाठी १९८५ व १९८६ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांस एमी पारितोषिक मिळाले. एका वाहिनीवर एकाच आठवड्यात हा मनुष्य कधी शस्त्रवैद्य तर कधी मोटार! परंतु मोटारीच्या मालिकेतील नामावलीत त्यांचे नाव कोठेही सापडत नाही. नाव घालू नये, अशी त्यांची स्वतःचीच इच्छा होती.

हॅसलहॉफ मोटारीत बसून बोलत तेव्हा डॅनियल्स तेथे नसतच. किटची वाक्ये दुसरे कोणीतरी कॅमेऱ्याआडून वाचून दाखवी, नायक त्यांस उत्तरे देई, आणि डॅनियल्स मागाहून ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एकटेच येऊन आपला आवाज भरून जात. ज्या दोघांच्या मैत्रीवर साऱ्या मालिकेचा डोलारा उभा, त्या दोघांनी बरेच दिवस एकमेकांस पाहिलेही नव्हते. पहिली भेट झाली ती नाताळच्या मेजवानीत. संस्कृत नाटकांत 'नेपथ्ये' अशी सूचना येते आणि पडद्याआडून कोणीतरी बोलते. बोलणारा दिसत नाही, म्हणून शब्दांस अधिक वजन येते. डॅनियल्स यांनी हे मर्म ओळखले होते असे वाटते. पुढे १९९३ पासून सात वर्षे त्यांनी 'बॉय मीट्स वर्ल्ड' या मालिकेत एका शाळामास्तराची भूमिका केली, हे मी आमच्या पेशाच्या अभिमानाने नमूद करतो. आणि १९९९ ते २००१ ते अमेरिकेतील पडद्यावरील नटांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. २००० साली जाहिरातींत काम करणाऱ्या नटांच्या मोबदल्यासाठी जो प्रदीर्घ संप झाला, तो त्यांच्याच कारकिर्दीत. स्वतःचे नाव नको म्हणणारा मनुष्य इतरांच्या हक्कासाठी पुढे उभा राहिला, यात मला विसंगती दिसत नाही.

येथपर्यंत गंमत झाली. याच्या पुढचा भाग गमतीचा नाही.

त्याच काळात दुसऱ्या एका वाहिनीवर 'एअरवुल्फ' नावाची मालिका चालू होती. तीत मोटारीऐवजी हेलिकॉप्टर. १८ जानेवारी १९८५ रोजी चित्रीकरण चालू असता हेलिकॉप्टर कोसळले आणि रीड रॉन्डेल हा स्टंट करणारा तरुण मृत्यू पावला. त्याचे वय बावीस वर्षांचे होते. घरी बसून पाहणाऱ्यास पडद्यावरील आग खोटी आहे हे ठाऊक असते, त्यामुळे आगीजवळ उभा असलेला मनुष्यही खोटाच असावा असे नकळत वाटू लागते. तो खरा असतो. त्याची हाडे खरी, त्याची आई खरी. नायकाच्या केसांचा टोप घालून तो पडतो आणि टाळी नायकास मिळते. पडताना त्याचा चेहरा दिसू नये हेच त्याच्या कामाचे यश.

अशा माणसांच्या गौरवाची वाट किती लांब होती पाहा. दूरचित्रवाणीच्या एमी पारितोषिकांत स्टंटांच्या योजनेसाठी स्वतंत्र पारितोषिक सुरू झाले ते २००२ साली. चित्रपटांच्या ऑस्करमध्ये वेशभूषेस, केशभूषेस, ध्वनीस, सर्वांस जागा होती. जीव धोक्यात घालणाऱ्यास नव्हती. वर ज्यांचे नाव ध्यानात ठेवावयास सांगितले त्या जॅक गिल यांनी १९९१ पासून ही मागणी लावून धरली. वर्षामागून वर्षे नकार आला. त्यांनी पुन्हा पुन्हा दार ठोठावले, आणि पुढे त्यांच्या क्षेत्रातील तरुण मंडळीही या कामास लागली. अखेर एप्रिल २०२५ मध्ये ऑस्कर देणाऱ्या संस्थेने जाहीर केले की २०२७ साली प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून, म्हणजे २०२८ च्या शंभराव्या समारंभात, स्टंटांच्या रचनेसाठी पारितोषिक देण्यात येईल. मागणीपासून घोषणेपर्यंत चौतीस वर्षे लोटली.

आता एकाच मोटारीतील हे दोन अदृश्य पुरुष शेजारी शेजारी ठेवून पाहावे. एक आवाज देणारा, एक चाक धरणारा. दोघेही दिसले नाहीत. परंतु एकाने आपले नाव आपणहून बाजूस ठेवले. दुसऱ्याच्या धंद्यास नाव कोणी देऊच केले नव्हते. बाहेरून दोन्ही स्थिती सारख्याच दिसतात, आणि म्हणूनच आपली गफलत होते. नाव न घेणे हा घेणाऱ्याचा मोठेपणा होय. नाव न देणे हा देणाऱ्याचा उणेपणा होय. 'त्याला कुठे नावाची हौस आहे!' असे म्हणून आपण आपला उणेपणा त्याच्या मोठेपणाखाली झाकतो.

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान वाचकांस स्मरत असेल. राज्य गमावलेला, रूप पालटलेला नल 'बाहुक' या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन राहतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून राजास एका दिवसात विदर्भात पोचावयाचे असते. बाहुक रथ असा हाकतो की राजाचे उत्तरीय वाटेत गळून पडले, ते घेण्यासाठी थांब म्हणेपर्यंत ते एक योजन मागे राहिले होते. कुंडिनपुरात रथ पोचला. राजा ऋतुपर्णाचे स्वागत झाले, त्यास आसन मिळाले. बाहुक घोड्यांची निगा करीत रथशाळेत बसला. परंतु दमयंतीने रथाचा घोष ऐकला होता. चेहरा दिसण्यापूर्वी, नाव कळण्यापूर्वी, केवळ चाकांच्या आवाजावरून तिने ओळखले की असा रथ हाकणारा एकच. साऱ्या नगराने रथात कोण आले ते पाहिले. तिने रथ कोणी आणला ते विचारले. त्या विचारण्यामुळेच नलास त्याचे नाव परत मिळाले.

हे उपाख्यान मी वर्गात किमान तीस वेळा शिकविले असेन. तरीही त्याचा अर्थ मला उमगला होता असे म्हणवत नाही, आणि त्याचे कारण येथे सांगणे प्राप्त आहे.

१९९४ साली आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी मुलांकडून 'सिंहासनबत्तिशी'तील कथेवर एक नाटुकले बसविले होते. राजा भोज विक्रमाच्या सिंहासनावर पाय ठेवू लागतो आणि सिंहासनाची पुतळी बोलते. सिंहासन आम्ही वाण्याकडील लाकडी खोक्यांचे केले आणि वर घरातील जुना शालू पसरला. पुतळ्या पुठ्ठ्याच्या. त्यांचा आवाज काढण्यासाठी सातवीतील एक मुलगा खोक्याच्या आत बसविला. अंगाने लहान म्हणून तो आत मावला. आवाज खणखणीत म्हणून तोच निवडला. पाऊण तास तो गुडघे छातीशी घेऊन आत बसला होता, आणि एकही वाक्य चुकला नाही. सभागृहातील लोक खाली वाकून सिंहासनाखाली पाहू लागले, इतका तो आवाज साधला होता. राजा भोज झालेल्या मुलास पाहुण्यांच्या हस्ते पारितोषिक मिळाले. आभारप्रदर्शन मी केले. रंगपट देणाऱ्याचे, दिवेवाल्याचे, खोकी देणाऱ्या वाण्याचेदेखील नाव घेतले. खोक्यात बसलेल्या मुलाचे घेतले नाही. द्वेषाने नव्हे, आकसाने नव्हे. तो दिसला नाही म्हणून विसरलो.

कार्यक्रम संपल्यावर एक बाई पदर सावरीत माझ्यापाशी आल्या. शेजारच्या खेड्यातून शेवटच्या गाडीने आल्या होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, आमचा मुलगा नाटकात आहे म्हणाला होता. कुठं दिसला नाही तो. काढला का त्याला?" मी त्यांस समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली; परंतु त्यांस पटले की नाही हे मला आजतागायत कळले नाही. दुसऱ्या दिवशी मुलास बोलावून मी चुकलो असे म्हणालो. तो म्हणाला, "असू द्या गुरुजी, मी दिसायचंच नव्हतं ना." त्या उत्तराने माझे समाधान झाले, ही माझी दुसरी चूक. मोठेपणा त्याने दाखविला आणि सुटका मी करून घेतली.

नातवाचा प्रश्न ऐकला त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी माळ्यावरील ट्रंक खाली काढविली. संमेलनाची छापील कार्यक्रमपत्रिका तीत निघाली. कागद पिवळा पडला होता, परंतु अक्षर शाबूत होते. पात्रांच्या यादीत पुतळ्यांपुढे जागा कोरी होती. तेथे मी शाईने त्या मुलाचे नाव लिहिले, खाली आजची तारीख घातली, आणि पत्ता मिळवून ती पत्रिका टपालाने त्यास पाठविली. सोबतच्या पत्रात लिहिले की ही प्रत आपल्या मातुःश्रींस दाखवावी. महिन्याभराने चार ओळींचे उत्तर आले. आई गेल्या वर्षीच निवर्तली, असे त्यात होते. पत्रिका त्याने आपल्या मुलीस दाखविली.

यावर मी अधिक काही लिहीत नाही. देणे उशिरा फेडले तरी फिटते असे आपण म्हणतो. ते पैशाच्या देण्याविषयी खरे असावे.

आता तर खरोखरच चालकाविना मोटारी धावू लागल्या आहेत. अमेरिकेतील फीनिक्स शहराच्या परिसरात २०२० च्या ऑक्टोबरपासून वेमो या कंपनीच्या अशा गाड्या सर्वसामान्य उतारूंसाठी खुल्या झाल्या. किटचे स्वप्न खरे झाले म्हणावयाचे. परंतु तेथेही गाडी अडखळली तर तिला वाट सुचविणारी माणसे दूर कोठेतरी बसलेली असतातच. आसन खरोखरीचे रिकामे झाले तरी त्यामागची माणसे संपत नाहीत. ती अधिक दूर जातात, इतकेच.

आमच्या घरी या साऱ्याचा एक लहानसा परिणाम झाला आहे, तो सांगून हे सदर आवरतो. हल्ली मालिका संपते न संपते तोच शेवटची नामावली आखडून कोपऱ्यात जाते आणि पुढला भाग आपोआप सुरू होतो. नातवाने नियम केला आहे की नामावली पुरती जाऊ द्यावयाची, आणि प्रत्येकाने तीतील एक तरी नाव मोठ्याने वाचावयाचे. परकी नावे उच्चारताना हसू होते, होऊ द्यावे. परवा संकष्टीच्या पंगतीत त्याने तोच नियम ताटावर चालविला. मोदकास सर्वांनी नावाजले तेव्हा तो म्हणाला, "पण वळले कोणी?" क्षणभर पंगत थांबली. मग स्वयंपाकघरातून आमच्या धाकट्या सूनबाईंचा आवाज आला, "मी नाही, मावशींनी वळलेत सगळे." ज्या मावशी वीस वर्षे आमच्या घरी स्वयंपाकाला येतात, त्यांचे मोदक त्या दिवशी आम्ही प्रथमच त्यांच्या नावाने खाल्ले.